आधी बोलेल तो हरला!

सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी शाळेत अचानक कोसळते. छातीत धडधड इतकी, की हृदयाला काहीतरी गंभीर झालंय अशी तिची खात्री होते. मुलगी जपानमधल्या एका गडगंज उद्योगपती घराण्यातली. त्यामुळे तिला थेट मोठ्या रुग्णालयात नेलं जातं आणि तपासायला येतो तो जगातल्या अव्वल दहा डॉक्टरांत गणला जाणारा तज्ज्ञ. तो शांतपणे सगळी हकीकत ऐकतो. धडधड कधी होते? एक ठरावीक मुलगा जवळ आला की. आणखी कधी? त्याचा विचार मनात आला की. मग डॉक्टर अत्यंत गंभीर चेहऱ्याने निदान सांगतो, की हा प्रेमरोग आहे. मुलगी भडकते, आणखी तपासण्या करा म्हणून हटून बसते. अत्याधुनिक यंत्रावर तपासणी होते आणि हृदय ठणठणीत निघतं. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सेविकेला मात्र लाजेने कुठे तोंड लपवू असं होतं.

हा प्रसंग आहे ‘कागुया-सामा : लव्ह इज वॉर’ या जपानी ॲनिमे मालिकेतला. तो पाहून कुणाही डॉक्टरला हसू येईल, कारण यातला रुग्ण त्याच्या ओळखीचा असतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ‘छातीत धडधडतंय’ म्हणून केसपेपर काढून येणारी तरुण मुलं-मुली आम्ही रोज पाहतो. अनेकांचा ईसीजी व्यवस्थित असतो, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही ठीक असतात. मग हळूहळू बोलणं निघतं. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरात भांडण असतं, कुणाला मुलाखतीला जायचं असतं. आणि काही जणांना कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं, पण सांगता येत नसतं.

ही न सांगता येणारी गोष्टच या मालिकेच्या मुळाशी आहे. वरवर पाहिलं तर ही शाळकरी प्रेमाची हलकीफुलकी विनोदी कथा. मग वीस-बावीस वर्षांची मुलं ती पुन्हा पुन्हा का पाहतात, हसता हसता डोळे का पुसतात, आणि एकदा सहज बसलेले आई-बाबाही शेजारून का उठत नाहीत? याचं उत्तर केवळ ‘प्रेमकथा सगळ्यांनाच आवडतात’ असं नाही. ते आपल्या मेंदूच्या आणि मनाच्या कामकाजात आहे.

प्रेमाचं युद्ध

आधी थोडी ओळख. आका आकासाका या चित्रकथाकाराने ‘कागुया-सामा’ ही चित्रकथा, म्हणजे जपानी भाषेत मांगा, २०१५ मध्ये सुरू केली. २०२२ मध्ये ती संपली तेव्हा तिचे २८ खंड झाले होते. ‘ए-वन पिक्चर्स’ या स्टुडिओने तिच्यावर ॲनिमे मालिका केली. तिचे तीन हंगाम २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये आले आणि २०२२ च्याच डिसेंबरात पुढचा भाग चित्रपट म्हणून प्रदर्शित झाला.

कथा घडते ‘शुचिइन’ नावाच्या श्रीमंतांच्या शाळेत. मियुकी शिरोगाने हा विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष. घरची गरिबी, पण अभ्यासात पहिला. कागुया शिनोमिया ही उपाध्यक्ष. अफाट श्रीमंत, हुशार, आणि सुरुवातीला बर्फासारखी थंड. दोघांना एकमेकांबद्दल ओढ आहे. पण दोघांनीही मनाशी पक्कं ठरवलं आहे, की प्रेमाची कबुली जो आधी देईल तो हरला आणि जन्मभर दुसऱ्याच्या ताब्यात गेला. म्हणून दोघांची सगळी बुद्धी एकाच कामाला जुंपलेली, समोरच्याच्या तोंडून ते शब्द कसे काढायचे?

इथे जपानमधली एक रीत माहीत असायला हवी. तिथल्या तरुणांमध्ये ‘कोकुहाकु’ म्हणजे ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’ हे स्पष्ट शब्दांत सांगणं, याला फार महत्त्व आहे. ते बोललं गेलं आणि समोरच्याने होकार दिला, की मगच दोघं एकमेकांचे झाले असं सहसा मानतात. म्हणजे सगळा भार त्या एका वाक्यावर. ते वाक्य बोलण्याआधीचे दिवस हा जपानी शालेय प्रेमकथांचा आवडता विषय आहे. ‘कागुया-सामा’ने त्याच दिवसांना रणांगणाचं रूप दिलं. भारदस्त आवाजाचा निवेदक प्रत्येक डावपेच एखाद्या ऐतिहासिक लढाईसारखा समजावतो आणि शेवटी आज कोण हरलं याचा निकाल जाहीर करतो.

पहिल्याच भागात सिनेमाच्या दोन तिकिटांवरून अशी लढाई जुंपते. सोबत चल, असं आधी कोण म्हणणार? दोघंही मनातल्या मनात बुद्धिबळातल्यासारख्या दहा-दहा पुढच्या चाली खेळतात. विचार करून मेंदू थकतो, साखर हवी म्हणून दोघांची नजर बशीतल्या शेवटच्या गोड मांजूवर जाते. आणि त्या क्षणी, यातलं काहीही कळत नसलेली मैत्रीण चिका फुजिवारा तो मांजू तोंडात टाकते. निकाल लागतो, दोघंही हरले.

जाता जाता डॉक्टर म्हणून एक खुलासा. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराची जवळपास वीस टक्के ऊर्जा वापरतो, हे खरं. मात्र डोकं लढवल्यामुळे त्यात फारशी भर पडत नाही. तेव्हा परीक्षेच्या काळात मुलांनी चॉकलेटसाठी हे कारण पुढे केलं, तर ते तेवढ्यापुरतंच घ्यावं.

हसू नेमकं कशाचं?

या मालिकेची गंमत अशी, की प्रेक्षकाला दोघांच्या मनातलं ऐकू येतं. कागुयाला काय वाटतं ते शिरोगानेला ठाऊक नाही, त्याला काय वाटतं ते तिला ठाऊक नाही, आपल्याला मात्र दोन्ही ठाऊक आहे. शिरोगाने चार शब्द बोलण्याआधी कल्पनेत कागुयाचा चेहरा पाहतो. ती तुच्छतेने हसून आपल्याला ‘किती गोड’ म्हणत हिणवते आहे, असं त्याला दिसतं. त्या कल्पनेनेच त्याची पाचावर धारण बसते. प्रत्यक्षात कागुया त्याच वेळी लाजेने लाल होऊ नये म्हणून धडपडत असते. आपण हसतो, कारण तो ज्या शत्रूला घाबरतोय तो शत्रू खोलीत नाहीच, तो फक्त त्याच्या डोक्यात आहे.

विनोद का हसवतो, याबद्दल मानसशास्त्रात अनेक मतं आहेत. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेलं मत इथे चपखल बसतं. एखादी गोष्ट धोक्याची किंवा मर्यादा मोडणारी वाटली आणि त्याच वेळी ती निरुपद्रवी आहे हेही कळलं, की हसू फुटतं. गुदगुल्यांचं असंच असतं. हल्ला असतो, पण आपल्या माणसाचा. ‘कागुया-सामा’मधला धोका नकाराचा आहे. माणसाला वाटणाऱ्या मोठ्या धोक्यांपैकी तो एक. पण दोघांची मनं उघडी दिसत असल्याने हा नकार येणार नाही, हे आपल्याला आधीच माहीत असतं. धोका पुरेपूर, इजा शून्य. आयुष्यात ज्या प्रसंगी घशाला कोरड पडते, तोच प्रसंग इथे आपण पाय पसरून, शेंगदाणे खात पाहू शकतो.

मालिकेची खरी मोहिनी इथे आहे, असं मला वाटतं. ती प्रेमाचा गोडवा दाखवते म्हणून आवडते हे अर्धंच खरं. प्रेमाआधी वाटणारी भीती ती दाखवते आणि ती भीती हसण्याजोगी करते, म्हणून ती मनाला भिडते.

फटाके आणि हृदयाचे ठोके

पहिल्या हंगामाच्या शेवटी उन्हाळ्यातल्या आतषबाजीचा प्रसंग आहे. मित्रमैत्रिणींसोबत फटाके पाहायला जायचं कागुयाने कितीतरी आधीपासून ठरवलेलं असतं, पण घरून परवानगी नाकारली जाते. ती कशीबशी निसटते, तोवर तिथली आतषबाजी संपलेली असते. एकटी रडणाऱ्या कागुयाला शिरोगाने शोधून काढतो, सगळ्यांना टॅक्सीत घालून दुसरीकडची आतषबाजी गाठतो. आकाशात फटाके फुटत असतात आणि कागुयाचं तिकडे लक्षच नसतं. ती त्याच्याकडे पाहत असते, आणि स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांपुढे तिला फटाक्यांचा आवाजही ऐकू येईनासा होतो.

हे केवळ काव्य नाही. भावना तीव्र झाली, की मेंदूतून निघालेला संदेश स्वायत्त मज्जासंस्थेच्या ‘सिम्पथेटिक’ भागामार्फत हृदयापर्यंत पोहोचतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जलद आणि जोराने आकुंचन पावू लागतं. एरवी जाणवत नसलेला ठोका छातीत, गळ्यात, कधी कानातही जाणवतो. तळहात घामेजतात, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. वाघ समोर आला तरी हेच होतं आणि आवडती व्यक्ती समोर आली तरी हेच. शरीराकडे या दोन प्रसंगांसाठी दोन वेगळी यंत्रं नाहीत.

मग ही भीती की प्रेम, हे ठरवतं कोण? बरंचसं मेंदू, आजूबाजूची परिस्थिती पाहून. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या एका उंच, हलत्या झुलत्या पुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्या पुलावर एका तरुणीने प्रश्नावली भरून घेतलेल्या पुरुषांनी नंतर तिला फोन करण्याचं प्रमाण, खालच्या भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त होतं. पुलामुळे वाढलेली धडधड त्यांच्या मनाने तिच्या खात्यावर जमा केली असावी, असा अर्थ काढला गेला. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, पण धडधडीला नाव देण्याचं काम मन करतं ही कल्पना टिकून राहिली. कागुयाची विनोदी शोकांतिका हीच आहे. तिचं शरीर जे सांगतंय त्याला योग्य नाव द्यायला तिचं मन तयार नाही, म्हणून ती हृदयरोगाचं नाव देते.

मनाचा हृदयावर परिणाम होतो, ही थट्टेवारी नेण्याची गोष्टही नाही. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनीच एका विकाराचं वर्णन केलं. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयविकाराच्या झटक्यासारखीच लक्षणं दिसतात, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. हृदयाच्या डाव्या जवनिकेचा आकार मात्र काही काळ अरुंद तोंडाच्या मडक्यासारखा होतो. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला असंच मडकं वापरतात. त्यावरून त्याचं नाव पडलं ‘ताकोत्सुबो’. हा विकार प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीच्या दिवसांत गुंतागुंत होऊ शकते.

म्हणून वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. छातीत दुखणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, श्रम करताना धडधड किंवा दम लागणं, ठोके अनियमित वाटणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यापैकी काही असेल तर ‘मनाचं असेल’ म्हणून घरी बसू नये. ईसीजी काढावा, डॉक्टरांना दाखवावं. आधी शरीर तपासायचं, मग मनाकडे वळायचं, हा क्रम मोडू नये.

आपल्याला वाटतं तेवढे आपण नकोसे नसतो

नकाराची एवढी भीती का वाटते? माणूस हा टोळीत वाढलेला प्राणी. टोळीने बाहेर काढलं, तर जगणं अवघड. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना मेंदूच्या एमआरआय यंत्रात संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने इतर ‘खेळाडूं’नी त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. तेव्हा शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणारा मेंदूचा एक भाग त्यांच्यात सक्रिय झालेला दिसला. याचा नेमका अर्थ काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण डावललं जाणं माणसाला खरोखर लागतं, याबद्दल वाद नाही.

याच्या जोडीला दुसरं एक संशोधन ठेवायला हवं. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांच्या गप्पा अभ्यासल्या. गप्पा संपल्यावर प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला समोरची व्यक्ती किती आवडली आणि तिला तुम्ही किती आवडला असाल? लोकांचा अंदाज सरासरीने कमीच निघाला. समोरच्याला ते त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त आवडले होते. हा अभ्यास प्रेमाबद्दलचा नव्हे, साध्या ओळखीबद्दलचा आहे. पण ‘कागुया-सामा’च्या प्रत्येक भागात घडतं ते नेमकं हेच. दोन माणसं एकमेकांसमोर बसलेली, आणि दोघांनाही आपण समोरच्याला पुरेसे आवडत नाही याची खात्री.

मालिका पाहताना दोन्ही बाजू दिसतात, म्हणून हा गैरसमज लख्ख दिसतो. आपल्या स्वतःच्या आयुष्यात मात्र कुणी निवेदक नसतो. तिथे दुसरी बाजू कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे विचारणं. आणि विचारल्यावर आलेलं उत्तर नकार असेल, तर तो नकार म्हणून स्वीकारणं. मागे लागून नकाराचा होकार करून घेणारे नायक आपल्या चित्रपटांनी पुष्कळ दाखवले. या मालिकेचा मान इतकाच, की तिथे समोरच्याच्या स्वतःच्या इच्छेने आलेल्या शब्दांनाच किंमत आहे.

हसू थांबतं तेव्हा

मालिका फक्त हसवत राहिली असती, तर विसरलीही गेली असती. दुसऱ्या हंगामात यू इशिगामी या खजिनदाराची गोष्ट येते. तोंडाने फटकळ, सतत ‘मी घरी जातो’ म्हणणारा हा मुलगा. माध्यमिक शाळेत असताना त्याने एका मुलीला तिच्या वाईट वागणाऱ्या मित्रापासून वाचवायचा प्रयत्न केला, पण आळ त्याच्यावरच आला. मुलीचा पाठलाग करणारा, असा शिक्का बसला. शाळेने निलंबित केलं, माफीपत्र लिहायला सांगितलं. जे केलं नाही त्याची माफी त्याला लिहिता येईना. खरं सांगितलं तर त्या मुलीलाच त्रास होईल, म्हणून तेही सांगेना. तो खोलीत बंद होऊन बसला. शिरोगानेने सगळी शहानिशा करून त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्याला बाहेर काढलं.

पुढे क्रीडा महोत्सवात तो धाडस करून जल्लोष पथकात जातो. इतके दिवस त्याला आजूबाजूचे चेहरे नीट दिसतच नसतात, सगळे आपल्या विरोधात आहेत एवढंच जाणवत असतं. शर्यतीत तो हरतो, आणि पथकातली मुलं धावत येऊन त्याला मिठीत घेतात. तेव्हा कुठे तो मान वर करून त्यांचे चेहरे पाहतो. लोक आपल्याशी चांगले वागत होते, आपण पाहिलंच नव्हतं, हे त्याला उमगतं. या भागाबद्दल बोलताना तरुणांचा आवाज बदलतो, तो यामुळे.

जपानमध्ये खोलीत बंद होऊन बसणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. महिनोन्महिने समाजापासून तुटून घरातच राहणाऱ्यांना तिथे ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ मधल्या पुस्तकानंतर हा शब्द सर्वतोमुखी झाला. जपान सरकारच्या २०२२ मधल्या पाहणीनुसार १५ ते ६४ वयोगटातले अंदाजे १४ लाख ६० हजार लोक या अवस्थेत होते. अशा देशात, एका माणसाने विश्वास ठेवल्यामुळे खोलीचं दार उघडलेल्या मुलाची गोष्ट लाखो घरांत पाहिली जाते, याला अर्थ आहे.

माणसांचा आधार हा आरोग्याचा भाग आहे, हे आता आकड्यांतही दिसतं. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती.

घाबरत घाबरत करायचं

शिरोगानेचे डोळे सतत ताणलेले, रागीट दिसतात. कारण साधं आहे, त्याला झोप नाही. अभ्यास, नोकरी, मंडळाचं काम आणि त्यावर कॉफी. त्याची आई घर सोडून गेलेली आहे आणि परिपूर्ण असल्याशिवाय आपण कुणाच्या प्रेमाला पात्र नाही, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. चित्रपटात याची परिणती दिसते. तो थकव्याने कोसळतो आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागतं. तिकडे कागुयाला नेमकं उलटं हवं असतं. तिची थंड, कटू बाजूही त्याने पाहावी आणि तरीही तिला स्वीकारावं. शेवटी दोघांना कळतं, की प्रेमात जिंकण्यासाठी चढवलेला मुखवटाच प्रेमाच्या आड येत होता.

याबाबत जपानी वैद्यकाने शंभर वर्षांपूर्वी एक महत्त्वाचा विचार दिला आहे. शोमा मोरिता (१८७४–१९३८) हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. विद्यार्थिदशेत त्यांना स्वतःलाच धडधड आणि चिंतेचा त्रास होता, औषधं चालू होती. परीक्षेच्या तोंडावर वडिलांकडून पैसे आले नाहीत, तेव्हा त्यांनी रागारागाने औषधं बाजूला ठेवून अभ्यासात डोकं खुपसलं. परीक्षा उत्तम गेली आणि त्रासही कमी झाला. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने औषधं बंद करू नयेत.) पुढे १९१९ च्या सुमारास त्यांनी जी उपचारपद्धती घडवली तिला मोरिता उपचारपद्धती म्हणतात. लोकांसमोर आपण लाल होऊ, थरथरू, त्यांना अवघडल्यासारखं करू, अशी भीती असलेल्या रुग्णांवर त्यांनी विशेष काम केलं. त्यांचं सार असं, की भीती घालवायच्या मागे लागू नका. ती पाऊस-वाऱ्यासारखी आहे, आपल्या हुकमाने जात नाही. ती असू द्या आणि जे करायचं आहे ते करा.

कागुया आणि शिरोगाने तीन हंगाम याच्या बरोबर उलट वागतात. आधी भीती शून्यावर आणू, पूर्ण खात्री करून घेऊ, मग बोलू. ती खात्री कधीच येत नाही. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस शाळेच्या महोत्सवात आकाशभर हृदयाच्या आकाराचे फुगे उडतात, तेव्हाही दोघांची छाती धडधडतच असते. फरक इतकाच, की आता ते धडधडत्या छातीने पुढे होतात.

पाहताना जपायचं ते

मालिकेतलं सगळंच अनुकरणीय नाही. नात्यात डावपेच लढवणं पडद्यावर हसवतं, घरात फार दमवतं. दहा-बारा वर्षं संसार केलेली जोडपीही ‘आधी मी का बोलू’ म्हणून आठवडाभर अबोला धरतात, तेव्हा निकाल मांजूच्या लढाईसारखाच लागतो, दोघंही हरतात. दुसरं, वीस-पंचवीस मिनिटांचा एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. रात्री दोनपर्यंत भाग पाहणाऱ्या मुलाला सकाळी धडधड आणि चिडचिड जाणवली, तर त्याला आधी झोप हवी.

पडद्यावरच्या पात्रांशी जडणारं एकतर्फी नातं मानसशास्त्राला नवीन नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी १९५६ मध्येच, रेडिओ-दूरचित्रवाणीच्या संदर्भात, त्यावर लिहिलं होतं. अशा नात्याने उभारी मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र मुलाने मित्रांना भेटणं सोडलं, कॉलेज चुकवायला लागला, जेवण-झोप बिघडली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर दोष मालिकेला देत बसू नये. मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं.

पालकांना एक सुचवावंसं वाटतं. ‘काय ती कार्टून बघतोस एवढा मोठा घोडा झालास तरी’ असं म्हणण्याआधी एक भाग मुलाशेजारी बसून पाहा. मग विचारा, यातलं तुला कोण आवडतं? कागुया, शिरोगाने, की इशिगामी? उत्तरावर लगेच उपदेश करू नका, पुढचा प्रश्न विचारा. स्वतःबद्दल जे मुलांना थेट सांगता येत नाही, ते त्यांना पात्राच्या नावाने पुष्कळदा सांगता येतं. आणि घरात आधी बोलण्याची जबाबदारी वयाने मोठ्या माणसाने घ्यावी. त्यात हरण्यासारखं काही नाही.